कलाशिक्षकांचे मूल्यमापन स्वतः ठरवलेल्या उद्दिष्टांवर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

चित्रकलेच्या तासाला कोणीतरी येऊन मागच्या बाकावर बसते आणि 'वर्गात शिस्त आहे' असा शेरा लिहून जाते. मुलांना काय पाहता येऊ लागले, हातात काय आले, हे त्यातून कळत नाही. गुणांवरून ठरवावे, तर बहुतेक ठिकाणी कलेची प्रमाणित परीक्षाच नसते. अमेरिकेतल्या काही राज्यांनी तर कलाशिक्षकांच्या मूल्यमापनात शाळेचे गणित आणि भाषेचे निकाल धरले! त्यापेक्षा शिक्षकाने वर्षभरासाठी स्वतःचे उद्दिष्ट ठरवायचे आणि त्यावर काम तपासून घ्यायचे, ही पद्धत केव्हाही बरी. नेहमीच्या वर्गनिरीक्षणाऐवजी ही पद्धत हवी असेल, तर शिक्षकाला तसा अर्ज करावा लागतो. फॉर्मची नावे आणि तारखा संस्थेनुसार बदलतात, रीत मात्र साधारण सारखीच असते.

कोणाला अर्ज करता येतो?

सहसा सेवेत कायम झालेल्या आणि मागचा शेरा समाधानकारक असलेल्या शिक्षकांना. परिविक्षा काळातल्या शिक्षकांचे नेहमीचे वर्गनिरीक्षण चालूच राहते. ज्यांच्या शेऱ्यात त्रुटी नोंदवल्या आहेत, त्यांचे उद्दिष्ट बहुधा वरिष्ठच ठरवून देतात.

उद्दिष्ट कसे लिहावे?

खरी मेहनत इथेच आहे. आधी स्वमूल्यमापनाचा फॉर्म भरायचा असतो. तो प्रामाणिकपणे भरला, तर उद्दिष्ट त्यातूनच निघते. 'मुलांची सर्जनशीलता वाढवणे' हे वाक्य अशा अर्जांत हमखास सापडते, आणि ते तपासायचे कसे हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी असे लिहा: 'सातवीची मुले वस्तुचित्र काढताना समोरच्या वस्तूकडे न पाहता आठवणीतले मडके काढतात. या सत्रात प्रत्येक तासिकेची पहिली दहा मिनिटे खोडरबर न वापरता, पाहून रेखाटन करून घेईन. सत्राअखेर मुलांच्या रेखाटनात वस्तूचा आकार, प्रमाण आणि उजेडाची दिशा दिसली पाहिजे.' यात अडचण, उपाय आणि कसोटी तिन्ही आले.

उद्दिष्ट स्वतःच्या कौशल्याचेही असू शकते, उदाहरणार्थ मातीकाम किंवा छापचित्र शिकणे. पण ते वर्गात कसे उतरणार, हे लिहावेच लागते. एक उद्दिष्ट पुरे, फार तर दोन. पाच लिहिणाऱ्याचे एकही धड होत नाही.

कागदपत्रे

स्वमूल्यमापन फॉर्म, उद्दिष्ट व कृतिआराखडा, संबंधित पाठ टाचणे (तासांची लेखी आखणी), तपासणीचे निकष, प्रशिक्षण घेतले असल्यास प्रमाणपत्र, सहकाऱ्याने तास पाहिला असल्यास त्याची टिपणे आणि शेवटी आत्मपरीक्षणाचे एक-दोन पानी टिपण.

या सगळ्यांपेक्षा वजनदार पुरावा म्हणजे मुलांच्या चित्रवह्या, आणि तिथेच घोटाळा होतो. काम सुरू होण्याआधीची रेखाटने जपून ठेवलेली नसतात, मग फरक दाखवायचा कशाशी? पहिल्याच आठवड्यात काही वह्या निवडा: सरस, मध्यम आणि कच्च्या, प्रत्येकी दोन. पुढे त्याच मुलांच्या वह्यांचे तारखेसह फोटो काढत राहा. फक्त प्रदर्शनातली देखणी चित्रे लावलेली फाइल जाणकार तपासनीस लगेच ओळखतो. फोटो जोडताना मुलांची नावे झाका आणि पालकांची लेखी संमती घ्या.

पुढे काय होते?

वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापक किंवा नेमलेल्या मूल्यमापकासोबत बैठक होते आणि उद्दिष्टावर दोघांच्या सह्या होतात. मूल्यमापक कलेचा जाणकार नसेल, तर निकष त्याच बैठकीत समजावून सांगा, नाहीतर वर्षअखेरीस रंगसंगतीऐवजी फळ्यावरच्या अक्षराची चर्चा होते. वर्षाच्या मध्यावर आढावा असतो. वर्ग बदलला किंवा साहित्य मिळाले नाही, तर उद्दिष्टात फेरफार तेव्हाच लेखी मागावा.

शेवटच्या बैठकीत फाइल आणि टिपण द्यायचे. उद्दिष्ट पूर्ण झाले नाही म्हणून शेरा खराब होईलच असे नाही. काय करून पाहिले, कुठे अडले आणि पुढच्या वर्षी काय बदलणार, हे पुराव्यानिशी मांडता आले पाहिजे. शेरा मान्य नसेल, तर सही करतानाच आपले म्हणणे लेखी जोडा आणि सही झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा.