शिक्क्याविना परदेश

आमच्या घरातून तीन पिढ्यांनी नेपाळ पाहिलं, पण एकाच्याही पासपोर्टवर तसा शिक्का नाही. आजीकडे तर पासपोर्टच नव्हता. पुरावा म्हणाल तर देवघरातला काळाभोर शाळिग्राम, माळ्यावरचा मुका झालेला टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) आणि माझ्या पाकिटात राहून गेलेली, याकचं चित्र असलेली पाच रुपयांची नेपाळी नोट.

शिक्का नाही याचं कारण ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ करार. एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, व्यापाराची, फिरण्याची मोकळीक त्यात आहे. त्याआधी मात्र नेपाळचं पंतप्रधानपद वंशपरंपरेने चालवणाऱ्या राणांच्या राजवटीत काठमांडूला जायचं तर परवाना लागे. महाशिवरात्रीला तेवढी पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंसाठी वाट सैल व्हायची. बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलहून छोट्या रेल्वेने अमलेखगंज, तिथून लॉरीने भीमफेदी आणि पुढे चिसापानी, चंद्रागिरीचे डोंगर पायी. राणांच्या मोटारीसुद्धा हमालांनी खांद्यावरून खोऱ्यात नेल्या आहेत.

मराठी माणसाची या वाटेशी ओळख तशी जुनी. आपल्या पाठ्यपुस्तकात सत्तावन्नचे नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरतात आणि धडा संपतो. पेशवे घराण्यातल्या बायका पुढे जंगबहादूर राणांच्या आश्रयाने काठमांडूतच राहिल्या, हे धड्यात नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिळकांचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरही तिकडे गेले. दाखवायला कौलांचा कारखाना, पोटात बेत बंदुकांचा! तो तडीस गेला नाही. नाटककार खाडिलकर सगळ्यांना ठाऊक असतात, कौलवाले फारसे नाहीत.

भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी बांधलेला त्रिभुवन राजपथ १९५६ मध्ये झाला आणि काठमांडूपर्यंत गाडी जाऊ लागली. आजी साठच्या दशकात गेली ती याच रस्त्याने. जवळपास अडीच हजार मीटर उंचीवर चढून उतरणारी ती वळणं. "खंडाळ्याचा घाट त्यापुढे अंगण गं," म्हणायची. पशुपतिनाथापेक्षा तिला उलट्याच जास्त आठवायच्या. शाळिग्राम तिने देवळाबाहेर घेतला. हे दगड काली गंडकीच्या पात्रात सापडतात. आतलं चक्र म्हणजे हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाच्या शंखधारी जिवाचा ठसा. हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "मग काय झालं? मत्स्य, कूर्म नाहीत का?"

बाबांची यात्रा वेगळ्याच देवाची. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे आयात मालावर जबर जकात होती आणि काठमांडूच्या न्यू रोडवर, १९३४ च्या भूकंपानंतर आखलेल्या त्या रस्त्यावर, जपानी टेपरेकॉर्डर, घड्याळं, छत्र्यांची दुकानं ओळीने होती. बाबांनी टू-इन-वन घेतला, खोका तिथेच टाकला आणि 'वापरातला आहे' असं दिसावं म्हणून येताना रक्सौलपर्यंत मांडीवर वाजवत आणला. १९९१ नंतर तोच माल आपल्या गल्लीत मिळू लागला आणि न्यू रोडची ओढ ओसरली. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या भारतीय विमानाचं अपहरण झालं. पुढे विमानाने जाणाऱ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवणं सक्तीचं झालं.

मी गेलो ते मुलांना घेऊन, गोरखपूर-सोनौली मार्गे. सीमेवरची कमान ओलांडली आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. परदेशपण काय ते एवढंच, असं वाटलं. मुलं पाट्या धडाधड वाचत होती, लिपी आपलीच. पण 'पसल' म्हणजे दुकान, हे विचारावं लागलं. प्रत्येक पसलीत एकच प्रश्न: "आईसी कि एनसी?" म्हणजे भारतीय पैसे की नेपाळी. १९९३ पासून भाव ठरलेला, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. बायकोने मोठ्या विश्वासाने पाचशेची नोट पुढे केली. दुकानदाराने ती उजेडात धरली नाही की काही नाही, तशीच परत सरकवली. नोटाबंदीत आपल्या जुन्या नोटा तिकडे अडकल्या, त्या बदलून मिळाल्या नाहीत. पुढे २०१८ मध्ये नेपाळनेही शंभरावरच्या भारतीय नोटांना मनाई केली होती. "दिदी, सयवाला छ?" त्याने विचारलं. 'सय' म्हणजे शंभर, हे या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही.