महसीर गळमासेमारी

गोड्या पाण्यातील महसीर हा बलाढ्य मासा हौसेखातर गळाने धरण्याचा छंद. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्या आणि दक्षिणेत कावेरीचे खोरे ही त्याची दोन मुख्य क्षेत्रे. महसीर हे टॉर या प्रजातीतील अनेक जातींचे सामाईक नाव आहे. रोहू-कटल्याच्या कुळातला हा मासा त्यांच्यासारखा संथ डोहात रमणारा नव्हे. खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि खडकाळ तळ त्याला लागतो. हिमालयात सोनेरी महसीर (टॉर प्युटिटोरा), महाराष्ट्रात व दख्खनमध्ये निळसर परांचा (पोहण्याच्या पंखांचा) दख्खनी महसीर (टॉर खुद्री) आणि कावेरीच्या खोऱ्यात केशरी परांचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर (टॉर रेमादेवी) आढळतो. यांतील दख्खनी महसिराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून १८३९ मध्ये केले.

छंद म्हणून त्याला वळण लागले ते ब्रिटिश अधिकाऱ्यांमुळे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक वर्षे ते या छंदाचे पाठ्यपुस्तक राहिले. विलायतेत सामन (सॅमन) मासा धरण्यात तरबेज झालेले गोरे साहेब इथे येऊन आपली नाजूक सामग्री मोडून घेत, आणि मग महसिराची तुलना सामनशी करत. गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या महसिराचा विक्रम आजही म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांच्या नावावर आहे. प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरण्याचा व्यवसाय करणाऱ्या प्रसिद्ध कुटुंबातले हे गृहस्थ. २२ मार्च १९४६ रोजी त्यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा (सुमारे ५४ किग्रॅ.) मासा काढला.

सामग्री. महसिराच्या सामग्रीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट दोन कारणांनी ठरते : गळ लागल्यावरची पहिली धाव आणि तळाचे खडक. हा मासा सहसा हवेत उसळत नाही. तो प्रवाहाच्या जोराला स्वतःचा जोर देऊन सरळ सुटतो आणि पहिल्याच धावेत शंभर मीटर दोरी ओढून नेऊ शकतो. त्यामुळे रीलवर, म्हणजे दोरी गुंडाळण्याच्या फिरकीवर, दोनशे-तीनशे मीटर दोरी असावी लागते. ब्रेक, म्हणजे ड्रॅग, अडखळत सुटणारा असेल तर दोरी तिथेच तुटते. कावेरीवर नऊ-दहा फुटांची दणकट काठी आणि मल्टिप्लायर रील (दातेरी चाकांनी दोरी वेगाने गुंडाळणारे) ही जोडी रूढ झाली. दोरी नायलॉनची, २५ ते ४० पौंड ताण सोसणारी. वेणीची आधुनिक दोरी त्याहून बारीक आणि बळकट असते, पण खडकाच्या धारेवर घासली की ती नायलॉनच्या मानाने लवकर जाते, म्हणून जुने लोक तिच्यावर विसंबत नाहीत.

गळ निवडताना माशाच्या तोंडाची रचना ध्यानात घ्यावी लागते. महसिराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. खेकड्याचे कवच फोडणारे हे घशातले दात हलका गळ वाकवतात, प्रसंगी चुरडतात. ओठ मात्र जाड आणि रबरासारखे चिवट असल्याने एकदा नीट रुतलेला गळ सहसा सुटत नाही. जाड तारेचा एकेरी गळ पुरतो. तीन आकड्यांचा गळ वापरणे, मासा सोडूनच द्यायचा असताना, निव्वळ आडमुठेपणा आहे.

वजनासाठी मऊ शिशाची तार दोरीवर वेटोळे घालून गुंडाळण्याची कावेरीवरील युक्ती साधी पण हुशारीची आहे. तार दोन खडकांच्या फटीत अडकली तर जोराने ओढल्यावर ती उलगडते आणि दोरी वाचते. कायमचे बांधलेले शिसे तिथे तासाभरात संपून जाईल.

आमिष. दक्षिणेतले खास आमिष म्हणजे नाचणीचा गोळा. पीठ घट्ट मळून लिंबाएवढे किंवा त्याहून मोठे गोळे करतात आणि पाण्यात उकडतात. उकडल्याने गोळा चिवट होतो, प्रवाहात विरघळत नाही आणि लहान मासे त्याला टोचून संपवू शकत नाहीत. याखेरीज खेकडा आणि लहान मासे चालतात. हिमालयातील स्वच्छ, वेगवान पाण्यात मासा डोळ्याने शिकार करतो, म्हणून तिथे धातूचे चमचे (स्पून), माशाच्या आकाराचे प्लग आणि अलीकडे पिसांची कृत्रिम माशी जास्त चालते. माशीच्या गळाने मोठा महसीर काढणे अधिक कठीण असल्याने त्याची प्रतिष्ठाही अधिक. देवप्रयागच्या खाली व्यासघाटला गंगा-नयार आणि भारत-नेपाळ सीमेवर पंचेश्वरला महाकाली-शरयू असे संगम त्यासाठी नावाजलेले आहेत. उपनदीचे निवळ पाणी मुख्य नदीच्या गढूळ, थंड पाण्याला मिळते त्या रेषेवर लहान मासे गोळा होतात आणि त्यांच्यामागे महसीर येतो. गळ टाकायचा तो या रेषेवर.

होड्या. उत्तरेत रबरी तराफा बहुतेक नदी ओलांडायला आणि एका डोहाकडून दुसऱ्याकडे जायलाच वापरतात, गळ काठावरूनच टाकतात. कावेरीवर मात्र होडी हेच अर्धे तंत्र आहे. तिथली होडी म्हणजे कन्नडमधली हरिगोलु, हंपीला गेलेल्यांनी तुंगभद्रेवर पाहिलेली ती टोपलीसारखी गोल बांबूची नाव. पूर्वी तिला कातडे मढवत, आता प्लास्टिकचा कागद आणि डांबर. ती उथळ असल्याने खडकांवरून सरकून जाते आणि एक नावाडी एका वल्ह्याने तिला जागच्या जागी फिरवू शकतो. गळ लागलेला मासा उताराच्या धारेला लागला, की काठावरून त्याला आवरणे अशक्य होते. अशा वेळी गळवाला हरिगोलुत बसून माशामागे जातो. दोरी खडकात अडकली असेल तर होडी पलीकडून नेऊन दुसऱ्या कोनातून ओढतात. हे सारे काम नावाड्याच्या अंदाजावर चालते. फोटोत मासा धरून हसणाऱ्याचे श्रेय निम्म्याहून जास्त त्याचे असते, हे गळवाले खाजगीत मान्य करतात.

कौशल्य. आमिष घेताना महसीर कधी दोरीला हलके टोचे देतो, तर कधी एकाच झटक्यात काठी हातातून ओढतो. टोचे जाणवताच हिसका देणारा नवखा हात रिकामा राहतो. दोरी ताठ होऊन सुटू लागेपर्यंत थांबावे लागते. पहिल्या धावेत त्याला अडवू नये. तो विसावला, की काठी खाली नेत दोरी गुंडाळावी आणि काठी वर उचलत मासा ओढावा. मासा खडकाआड जाऊन बसला तर अतिताण देण्यापेक्षा दोरी सैल सोडून वाट पाहणे बरे. पुष्कळदा तो आपणच बाहेर येतो. सोडताना हात ओले हवेत, मासा पाण्यातच ठेवावा आणि तोंड प्रवाहाकडे धरून, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत आधार द्यावा. दमलेला मासा नुसता सोडून दिला तर उलटा होऊन मरतो.

धरा आणि सोडा. स्वातंत्र्यानंतर कावेरीतला मोठा महसीर संपला असा समज होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज गळवाल्यांनी तो पुन्हा शोधून काढला. त्यानंतर गालिबोरे, भीमेश्वरी, दोड्डमाकळी या कावेरीकाठच्या मुक्कामाच्या तळांवर मासा सोडून देण्याच्या अटीवर हा छंद बहरला, आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर नदीकाठच्याच माणसांची राखण बसली. त्याच काळात नदीत दख्खनी महसिराची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडण्यात आली. ती लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रातली होती. हेतू चांगला होता आणि केंद्राचे काम खरोखर मोलाचे, पण कावेरी हे त्या माशाचे मूळ घर नव्हते. गालिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदवहीतून पुढे संशोधकांना दिसले, की निळ्या परांचे मासे वाढत गेले आणि केशरी परांचे विरळ होत गेले. २०१८ मध्ये त्या केशरी परांच्या माशाची ओळख टॉर रेमादेवी म्हणून निश्चित झाली आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. गळवाल्यांनी हौसेने लिहिलेली वजने नसती, तर ही घसरण मोजायला दुसरे साधन जवळजवळ नव्हते.

कावेरीचे हे तळ अभयारण्याच्या हद्दीत असल्याने २०१० नंतरच्या काही वर्षांत तिथला छंद बंद झाला. महाराष्ट्रात महसीर पाहायचा तर वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे किंवा महाडजवळ वाळण कोंड येथे जावे लागते. हे देवाचे डोह आहेत. भाविक माशांना कुरमुरे घालतात, आणि गळ टाकण्याचा विषयच तिथे निघत नाही.