टोल (पथकर) आणि महाराष्ट्रातील टोलचा वाद

ठरावीक रस्ता, पूल किंवा बोगदा वापरल्याबद्दल वाहनचालकाकडून घेतली जाणारी रक्कम म्हणजे टोल. सरकारी मराठीत तिचे नाव पथकर. बोलताना मात्र सगळे टोलच म्हणतात. टोळधाडीवरून ‘टोलधाड’ हा शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. पथकर या नावातच वादाचे बी आहे. कर सरकार सर्वांकडून घेते आणि तो कुठे खर्च करायचा हे सरकार ठरवते. शुल्काचे तसे नाही; ज्याने पैसे दिले त्याला त्या बदल्यात काही मिळायला हवे. राष्ट्रीय महामार्गांवरची वसुली २००८ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘शुल्क’ म्हणून होते, तर महाराष्ट्राच्या राज्य रस्त्यांवरच्या टोलचा आधार १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याचे कलम २० हा आहे. गाडी तीच, चालक तोच. एका नाक्यावर तो शुल्क भरतो आणि पुढच्या नाक्यावर कर. त्याला या भेदाशी काही देणेघेणे नसते. रस्त्याचे पैसे आपण आधीच भरलेले आहेत, एवढेच त्याला ठाऊक असते.

आणि त्यात तथ्य आहे. गाडी घेताना आरटीओकडे एकरकमी वाहनकर भरावा लागतो. पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर असतो. त्यावर टोल. या उपकराची कल्पना एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखालील समितीतून पुढे आली, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोटारी वाढत आहेत आणि रस्त्यांचा भार स्थानिक संस्थांना पेलवत नाही, म्हणून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्यावेत आणि ते रस्त्यांसाठी वेगळे ठेवावेत, अशी शिफारस या समितीने केली. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळेल आणि जास्त भरेल, असा हा सरळ हिशेब. त्यासाठी रस्त्यात कोणाला थांबवायची गरज नव्हती.

थांबवून पैसे घेण्याची रीत त्याहून जुनी. टोलचा पहिला अखिल भारतीय कायदा १८५१ चा. त्याच्या काही वर्षे आधीची मुंबईतली एक गोष्ट या वादात हमखास सांगावी अशी आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी तेव्हा होडीने ओलांडावी लागे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी तिथे बांधरस्ता व्हावा म्हणून १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली, की येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. तो माहीम कॉजवे आजही वापरात आहे. दादर-माहीमच्या लेडी जमशेटजी मार्गाला नाव मिळाले ते याच बाईंचे.

आजच्या टोलची सुरुवात १९९० च्या दशकात झाली. सरकारकडे पैसा नव्हता आणि मोटारी मात्र वाढत होत्या. १९९५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायद्यात बदल होऊन खासगी गुंतवणुकीला वाट मिळाली. महाराष्ट्रात त्याच सुमारास ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणजे बीओटी हा शब्द सरकारी दप्तरातून बाहेर पडून चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. युती सरकारात नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबईतले ५५ उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ही या महामंडळाची गाजलेली कामे. फुकट रस्ता हवा असेल तर खड्डे सोसा, चांगला हवा असेल तर पैसे मोजा, ही गडकरींची भूमिका तेव्हापासून आजवर बदललेली नाही.

द्रुतगती मार्गाची कथा समजली की टोलच्या वादाचे निम्मे मर्म कळते. खासगी कंपनीची सुमारे ३,६०० कोटींची निविदा सरकारने महाग म्हणून नाकारली आणि महामंडळाने कर्जरोखे काढून सुमारे १,६३० कोटींत ९४.५ किलोमीटरचा सहापदरी काँक्रीट रस्ता स्वतःच बांधला. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. इथपर्यंत सगळे कौतुकाचे. मग २००४ मध्ये महामंडळाने कर्जाचा भार हलका करण्यासाठी टोलवसुलीचा हक्क १५ वर्षांसाठी ९१८ कोटी एकरकमी घेऊन एका कंपनीला दिला. दरवाढही तेव्हाच ठरवून टाकली: वर्षाला ६ टक्के, पण अंमल दर तीन वर्षांनी एकदम १८ टक्क्यांचा. करार २०१९ च्या ऑगस्टमध्ये संपला. टोल काही संपला नाही. २०२० मध्ये दहा वर्षांचा नवा करार झाला, या वेळी ८,२६२ कोटींचा, आणि १ एप्रिल २०२३ पासून मोटारीचा टोल २७० वरून ३२० रुपये झाला. पुण्यातील सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर आणि इतर कार्यकर्ते माहितीच्या अधिकारात वाहनसंख्या आणि वसुलीचे आकडे मिळवून विचारत राहिले, की रस्त्याचा खर्च वसूल झाला असेल तर आता ही वसुली कशाची? प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. शिवाय टोल टाळून जुन्या मार्गाने जावे, तर तिथेही वरसोली आणि सोमाटणे इथे नाके उभेच.

अशा करारात सरकार भविष्यातले उत्पन्न आज विकते. कंपनी वाहनांचा अंदाज बांधून बोली लावते. अंदाजापेक्षा गाड्या जास्त आल्या तर फायदा तिचा. कमी आल्या तर ती मुदतवाढ किंवा भरपाई मागायला येते. म्हणूनच रोज किती गाड्या जातात हा आकडा वादाच्या मध्यभागी असतो, आणि तो मोजते बहुतेक वेळा वसुली करणारी कंपनीच. टोलविरोधाला लोक फुकटेपणा म्हणतात, तो नेहमीच तसा नसतो. पैसे देण्यापेक्षा हिशेब न मिळण्याचा राग मोठा असतो. ‘टोलचा झोल’ हा शब्दप्रयोग त्या रागातूनच आला.

या रागाचे सर्वांत टोकदार रूप कोल्हापुरात दिसले. तिथे महामार्गाचा प्रश्न नव्हता; शहराच्या आतले सुमारे ५० किलोमीटर रस्ते एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पातून बीओटीवर केले होते आणि शहराच्या वेशींवर ३० वर्षांसाठी टोलनाके बसणार होते. शेजारच्या गांधीनगरहून बाजाराला आलेला, करवीर तालुक्यातून दवाखान्यात निघालेला, सगळेच त्यात सापडणार. कोल्हापूरकरांचे म्हणणे साधे होते: महामार्गावर पर्यायी रस्ता तरी असतो, स्वतःच्या गावात शिरायला कसला पर्याय? प्रा. एन. डी. पाटील, कॉम्रेड गोविंद पानसरे, निवासराव साळोखे अशा नेत्यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती उभी राहिली आणि ‘देणार नाही, टोल देणार नाही’ ही घोषणा पेठापेठांत घुमली. महामोर्चे निघाले, शहर बंद झाले, कोर्टकज्जे झाले. रस्त्यांच्या दर्जाचे आणि कंपनीला दिलेल्या टेंबलाईवाडीच्या भूखंडाचे हिशेब चौकात मांडले गेले. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये नाके फोडले आणि जाळले गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसऱ्यांची हत्या झाली; टोल रद्द झालेला पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. २०१५ अखेर सरकारने तो रद्द करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो कायमचा गेला. विजयोत्सवाच्या गुलालात एक तपशील मात्र मागे पडला: कंपनीची साडेचारशे कोटींच्या घरातली भरपाई सरकारी तिजोरीतून झाली. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्यांचे पैसे गडचिरोलीच्या माणसानेही भरले.

टोलमाफीचे गणित सगळीकडे असेच चालते. २०१२ आणि २०१४ मध्ये राज ठाकरे यांच्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने टोलविरोधी आंदोलने केली. भाजपने २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत ‘टोलमुक्त महाराष्ट्र’चे आश्वासन दिले. सत्तेवर आल्यावर, जून २०१५ पासून, १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर हलकी वाहने व एसटी यांना सूट मिळाली. ‘मुक्त’ आणि ‘सूट’ यांतले अंतर त्यानंतरच्या प्रत्येक सभेत मोजले गेले.

मुंबईच्या वेशीवरचे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन असे पाच नाके उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी २००२ मध्ये सुरू झाले होते. २०१० मध्ये त्यांचा हक्क २,१०० कोटी घेऊन २०२६ पर्यंत दिला गेला. ठाण्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याला हे नाके पगारातून रोज कापल्या जाणाऱ्या रकमेसारखे वाटत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोटारीचे ४० रुपये ४५ झाले तेव्हा मुलुंडला पुन्हा उपोषण झाले. वर्षभराने, १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, मंत्रिमंडळाने हलक्या वाहनांना या पाचही नाक्यांवर मध्यरात्रीपासून माफी दिली. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली.

अवजड वाहनांना मात्र माफी नाही. याला तांत्रिक समर्थन आहे: रस्त्याची झीज वजनाच्या प्रमाणात नव्हे, त्याच्या कितीतरी पट वेगाने वाढते, भरलेल्या ट्रकचा एक आस (अ‍ॅक्सल) जे नुकसान करतो त्यापुढे मोटारीचे नुकसान नगण्य. पण ट्रकवाला टोल स्वतःच्या खिशातून भरत नाही, तो भाड्यात धरतो. वाशीच्या बाजारसमितीतून दादरला आलेल्या कोथिंबिरीच्या जुडीत नाक्याचा अंश असतोच. जुडी घेणारी बाई लोकलने फिरते, तिच्याकडे सायकलसुद्धा नसते. उलट, पुलावरून रोज एकटा गाडी नेणाऱ्याला आता काहीच पडत नाही. टोलच्या चर्चेत ती बाई कुठल्याच बाजूने बोलताना दिसत नाही, कारण तिला पावती मिळत नाही.

पावती तशी आता कोणालाच मिळत नाही. रोकडीच्या काळात खिडकीतून हात बाहेर, ‘सुट्टे द्या’ची हाक, पाच रुपये परत देण्याऐवजी पुढे केलेली चॉकलेटे आणि रांगेत काकडी, शेंगा, चिक्की विकणारी पोरे, हे नाक्याचे ठरलेले दृश्य होते. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टॅग नसेल तर दुप्पट टोल पडू लागला. रांगा कमी झाल्या, पोरांचा धंदा बसला, आणि गाडी घरी उभी असताना टोल कापल्याचा संदेश येणे ही नवी तक्रार जन्मली. रांग नाक्यापासून १०० मीटरवरच्या पिवळ्या पट्टीच्या बाहेर गेली की टोल माफ, हा समज अजूनही व्हॉट्सअॅपवर फिरतो. १०० मीटरच्या रांगेची ती तरतूद महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये आणली होती आणि २०२४ मध्ये मागेही घेतली.

समृद्धी महामार्गाने आणखी एक उत्तर दिले: जेवढे अंतर तेवढा टोल. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा मोटारीचा दर किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. एप्रिल २०२५ मध्ये तो २ रुपये ६ पैसे झाला. पण इथेही सगळा भार वापरणाऱ्यावर नाही. भांडवल उभारताना सिडको, म्हाडा, एमएमआरडीए यांनाही पैसे घालावे लागले. ज्यांचे उत्पन्न मुख्यतः मुंबई-ठाण्याच्या जमिनीतून येते अशा या संस्था.

कोणाला सूट द्यायची याचे प्रत्येक राज्याचे संकेत असतात. महाराष्ट्राचे पंचांगाला बांधलेले आहेत. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या आणि गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांना पास मिळतो. आरटीओ किंवा पोलीस ठाण्यातून आणलेला, गाडीचा नंबर आणि प्रवासाची तारीख लिहिलेला तो कागद काचेवर चिकटवला की नाक्यावर टोल लागत नाही. याविरुद्ध आजवर एकही आंदोलन झालेले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्यांचा पास आणला, आणि त्याच महिन्यात राज्याने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर विजेवरच्या मोटारींना माफी दिली. केंद्राचा पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. त्यामुळे पासधारकाची गाडी पुणे-सातारा राष्ट्रीय महामार्गावरच्या खेड शिवापूरच्या नाक्यावरून पैसे न कापता निघते, आणि मुंबईकडे वळली की राज्याच्या द्रुतगती मार्गावरच्या उर्से नाक्यावर तिचा नेहमीसारखा टोल कापला जातो.