पहिली ओळ आयती हवी

लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई देवीचा उत्सव. खान्देशात अहिराणी गाण्याला मागणी नाही असा काळ थोडाच. चाल तयार असते, ठेका बसलेला असतो आणि गीतकार वहीपुढे अडलेला. मुखडा सुचत नाही. एक ओळ लिहायची, खोडायची. दुसरी लिहायची, तीही खोडायची.

अशा वेळी प्रतिभा आटलेली नसते, असं मी ठामपणे म्हणेन. शब्द शोधणं आणि सापडलेल्या शब्दाला नापास करणं ही दोन कामं एकदमच चाललेली असतात. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 12 रॅप गायकांना एमआरआय यंत्रात झोपवून ऐनवेळी शब्द जुळवत गायला लावलं. पाठ केलेलं गाताना दिसलं त्यापेक्षा मेंदूचं चित्र निराळं निघालं. कपाळामागच्या भागाचा मधला पट्टा जास्त सक्रिय होता, तर स्वतःवर लक्ष ठेवणारा, चुका हेरणारा बाजूचा भाग मंदावला होता. लेखनाचे अभ्यासक माइक रोज यांनी 1980 मध्ये 10 विद्यार्थ्यांच्या लिहिण्याच्या सवयी तपासल्या. जे पाच जण अडत होते, त्यांनी पक्के नियम डोक्यात धरले होते. वाक्य पहिल्या झटक्यात निर्दोषच उतरलं पाहिजे, हा त्यातलाच एक.

आता जात्याकडे पाहा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने मूठभर दाणे सोडायचे आणि तोंडाने सुरू करायचं, ‘पहिली माझी ओवी गं...’ मग दुसरी, तिसरी. सुरुवात आयतीच असते, ती सुचावी लागत नाही. ठरलेले शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मनाला पुढचे शोधायला सवड मिळते. 1930 च्या दशकात मौखिक काव्याचे अभ्यासक मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांना युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांकडे हीच युक्ती सापडली. हजारो ओळींची गाणी ते ठरावीक शब्दबंधांच्या आधाराने गातागाता रचत. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या घरकाम, शेतकाम करता करता रचत गेल्या. कोरा कागद त्यांना आडवा आलाच नाही.

म्हणून मुखडा अडला तर कुठलीही ठरीव ओळ चालीत बसवा आणि पुढे जा. नंतर ती काढून टाकता येते.

दुसरा उपाय उलटा वाटेल: स्वतःला बांधून घ्या. 2017 च्या एका प्रयोगात लोकांना दोन ओळींची यमकं करायला सांगितली. एक दिलेला शब्द घालायचाच, अशी अट असताना रचना जास्त कल्पक झाल्या, आणि अट काढल्यावरही तो गुण टिकला. ‘माहेरावर लिही’ म्हटलं की मन भरकटतं. ‘कळण्याची भाकर आलीच पाहिजे’ म्हटलं की चूल, धूर, मिरचीचा ठेचा, वाढणारी माय, सगळं रांगेने येतं.

आणि चाला. स्टॅनफर्डमध्ये 2014 साली झालेल्या प्रयोगांत चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा सरासरी 60 टक्के जास्त कल्पना सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. मात्र एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात चालण्याने मदत झाली नाही, उलट थोडं नुकसानच झालं. तेव्हा पांझरा नदीच्या काठाने किंवा शेताच्या बांधावरून चालताना सुचेल ते मोबाइलवर गाऊन ठेवा, बरं-वाईट न ठरवता. कोणती ओळ ठेवायची, कुठे मात्रा जास्त झाली, हे घरी आल्यावर, एका जागी बसून, ठेका लावून पाहा.