कांदळवन तोडलं की डास जातात?

‘खाडीतली तिवरं म्हणजे डासांचं माहेर, तोडा, गाव मोकळा श्वास घेईल.’ कांदळवनाबद्दल, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलाबद्दल, हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा वाटतो, कारण संध्याकाळी खाडीकाठी डास चावतात हे खरंच आहे.

पण हिशेब करून पाहा. अंड्यातून डास उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस साचलेलं पाणी लागतं. कांदळवनात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. पाणी बहुतेक ठिकाणी साचून राहत नाही, आणि जे डबक्यात उरतं त्यातल्या अळ्यांवर बहुतेकदा छोटे मासे टपलेले असतात. अपवाद आहे: बांध, भराव किंवा कचऱ्यामुळे भरतीचं पाणी अडलं, तर तिथे डास होतात. तेव्हा मोकळी करायची ती पाण्याची वाट.

खात्री करायचीय? ओहोटीला खाडीतलं पाणी वाटीत घेऊन उजेडात धरा. मग घरामागची पावसाने भरलेली करवंटी बघा, पिंपाचा तळ बघा. वळवळणाऱ्या अळ्या बहुतेक इथेच दिसतील. डेंग्यूचा डास तर मुख्यतः घराजवळच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

तिवरं गेली तर काय जातं? त्यांची मुळं गाळ धरतात, लाटांचा जोर मोडतात. समुद्राची पातळी वाढते आहे, आणि खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल खारट जमिनीतल्या, भातशेतीचा मातीचा बांध एकटा किती तग धरणार? बांध फुटून एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं पीक धड येत नाही. करवंटी मात्र आजच पालथी घालता येते.