हान्सचा खूर, हॅपीचा आरसा

प्राण्यांच्या हुशारीची बातमी आली की जाणकार पहिला प्रश्न विचारतात: प्रयोग करणारा त्या प्राण्याला दिसत होता का? या संशयाचं मूळ बर्लिनच्या एका घोड्यात आहे.

विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. त्यांच्या हान्सला बेरीज घातली की तो उत्तराइतक्या वेळा खूर आपटून थांबायचा. १९०४ साली समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल असे प्रश्न घातले आणि हान्सचं गणित कोलमडलं. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला किंचित वाकायचा. बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत जरासं वर जायचं. घोडा तेवढंच टिपत होता. गंमत म्हणजे हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टना स्वतःची ती हालचाल रोखता येईना! गणितात नापास झालेला हा घोडा माझ्या मते माणूस वाचण्यात पहिल्या वर्गात पास होता. पण तो पेपर कुणी काढलाच नव्हता.

तेव्हापासून प्राण्यापासून चेहरा लपवायची काळजी घेतली जाऊ लागली. उलटी चूक मात्र होतच राहिली: परीक्षाच प्राण्याला सोयीची नसायची आणि त्याची खरी हुशारी निसटून जायची. १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींच्या चेहऱ्यावर ठिपका लावून त्यांना आरसा दाखवला आणि त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरच्या ठिपक्याला हात लावला, म्हणजे आरशात आपणच आहोत हे त्यांना कळलं होतं. हत्ती याच परीक्षेत आधी नापास ठरले होते. आरसा होता लहान आणि गजांपलीकडे. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात थेट कुंपणाच्या आतच सुमारे अडीच मीटरचा मजबूत आरसा बसवला. तीन हत्तिणींपैकी हॅपीने आरशात बघत आपल्या डोळ्याच्या वर काढलेल्या पांढऱ्या फुलीला पुन्हा पुन्हा सोंड लावली. बाकी दोघींनी फुलीकडे लक्ष दिलं नाही.

माणसाशी थेट सामना जपानमध्ये झाला. क्योटो विद्यापीठातला तरुण चिंपांझी आयुमू पडद्यावर सेकंदाच्या जेमतेम पाचव्या भागापुरते चमकलेले पाच आकडे कुठे होते ते चढत्या क्रमाने बोटाने दाखवायचा. २००७ मध्ये विद्यार्थी त्याच्यापुढे मागे पडले आणि 'माकडाने माणसाला हरवलं' अशी हवा झाली. आयुमूचा सराव मात्र दांडगा होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत दोघांनी तसाच भरपूर सराव केला, आणि तेही त्याच्या बरोबरीला आले.