पंप बंद करावा का? महासाथीतील एका संभ्रमाची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा ठाणे आणि नवी मुंबईतील दम्याच्या रुग्णांच्या घरांत एकच शंका बोलली जात होती. श्वासातून औषध ओढायच्या पंपात (इनहेलरमध्ये) स्टेरॉइड असते, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती घटते, मग विषाणूची साथ सरेपर्यंत पंप बंद ठेवलेला बरा, असा तो हिशेब होता. ही शंका आकाशातून पडलेली नव्हती. विषाणूजन्य न्यूमोनियात गोळीतून किंवा शिरेतून स्टेरॉइड सरसकट देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा त्या वेळचा सल्ला होता. तो पंपाविषयी नव्हता. पण व्हॉट्सॲपवर फिरता फिरता त्यातील ‘गोळीतून किंवा शिरेतून’ एवढे नेमके गळून पडले. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतील मिलिग्रॅममध्ये, हा फरकही मागे पडला.

मुळात पंपाबद्दलची नाराजी आपल्याकडे जुनी आहे. ‘एकदा लागला की सुटत नाही’ हे वाक्य प्रत्येक दमेकऱ्याने कधी ना कधी ऐकलेले असते. तोंडाने ओढायचा दाबपंप १९५६ मध्ये बाजारात आला, १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आले आणि १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड. साल्ब्युटामॉलने आवळलेली श्वासनलिका काही तास मोकळी होते, सूज मात्र तशीच राहते. ती उतरवण्याचे काम बेक्लोमेथासोनसारखी औषधे करतात, आणि तीही नियमित घेतली तरच. रुग्णाला साहजिकच लगेच आराम देणारा पंप प्रिय असतो. केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, हे ‘जिना’ या आंतरराष्ट्रीय दमा उपक्रमाने २०१९ मध्ये स्पष्टपणे मांडले होते. म्हणजे नियमित औषधाचा आग्रह वाढला आणि लगोलग महासाथीच्या अफवेने नेमके तेच औषध कपाटात गेले.

नेब्युलायझरची, म्हणजे द्रव औषधाचे धुके करून मास्कमधून देणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी होती. तिथली विषाणू पसरण्याची भीती खरी होती. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्स साथीत एका रुग्णालयातील वॉर्डात मोठ्या प्रमाणावर संसर्ग पसरला, आणि तिथल्या पहिल्या रुग्णाला नेब्युलायझरने औषध दिले जात होते. त्या अनुभवामुळे २०२० मध्ये शक्य तिथे नेब्युलायझर टाळून स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) जोडलेला पंप वापरावा, असे तज्ज्ञांनी सुचवले. ठाण्यात हा बदल सोपा नव्हता. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटामागे बुरशी धरते, आणि छाती भरलेले मूल घेऊन पालक दवाखान्यात ‘मशीन लावायला’ जातात. बाकावर बसलेले, तोंडाला धुरकट मास्क लावलेले मूल हे इथले नेहमीचे दृश्य. त्या जून महिन्यात ते करणे अवघड झाले. स्पेसर नसेल तर पाण्याची अर्धा लिटरची बाटली चालते, हे दक्षिण आफ्रिकेतील बालरोगतज्ज्ञांनी १९९९ मध्येच दाखवले होते: बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे छिद्र पाडायचे, जोड घट्ट बंद करायचा आणि मुलाने बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा.

त्यातच सोसायट्यांचे जिने आणि लिफ्ट सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुसल्या जात होत्या. त्या वासाने ज्याला खोकल्याची उबळ येई, त्याच्याकडे शेजारी कोरोनाच्या संशयाने पाहत.

दमा असणाऱ्यांना कोरोना अधिक घातक ठरेल, ही अपेक्षा २००९ च्या स्वाइन फ्लूवरून आली होती. त्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये दमेकरी बरेच होते. वुहानच्या सुरुवातीच्या नोंदींत मात्र ते अपेक्षेपेक्षा कमी आढळले. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात मृत्यूचा वाढीव धोका प्रामुख्याने त्यांच्यात दिसला, ज्यांना नुकत्याच स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या, म्हणजेच ज्यांचा दमा आटोक्यात नव्हता. १ मार्च २०२१ पासून भारतात ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली, तेव्हाही त्या यादीत साधा दमा नव्हता. श्वसनविकार गंभीर असण्याची अट होती.

एप्रिल २०२१ मध्ये चक्र उलटे फिरले. पाच दिवसांनंतरही ताप किंवा खोकला टिकून असेल, तर सौम्य कोरोनाच्या रुग्णाला ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप द्यावा, अशी सूचना देशाच्या उपचार-नियमावलीत आली: ८०० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. ज्यांनी आयुष्यात पंप पाहिलाही नव्हता अशांच्या चिठ्ठीवर तो लिहिला जाऊ लागला, आणि औषध ओढल्यावर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी होते, हे त्यांना नव्याने शिकवावे लागले.